दार लावलेला गुरुवार

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५. पेण

ही डायरी माझ्या मुलाच्या, एलियाहच्या, कंपनीने जानेवारीत दिलेली. आठ महिने हिच्यात गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांची मापं लिहिली. आज मागच्या बाजूने उघडली, कारण आज लिहायचं आहे ते माप नव्हे.

सकाळी मृणाली, माझी सून, मशीनपाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "काय गो, दोरा हवाय का?" तर म्हणाली, "मम्मी, दोन रेघा आल्यात." मी पायडल थांबवलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हसायचं की नाही हेच ठरेना. मागच्या दोन्ही वेळी आम्ही हसलो होतो.

पहिलं सातव्या आठवड्यात गेलं, दुसरं नवव्यात. दोन्ही वेळी तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, "होईल गं." हे दोन शब्द आता इतके झिजलेत की तिसऱ्यांदा वापरायची लाज वाटते.

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. एलियाह, मी आणि मृणालीची आई काशीबाई, बस.

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे मनात कुजणार नाही. मृणाली आगरी घरातली, धरमतरच्या खाडीकडची, बापाचं मिठागर. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. पेणमध्ये आमची घरं आता हाताच्या बोटांवर, बाकी सगळे विमानात बसून इस्रायलला गेले. पाच वर्षांपूर्वी माझ्या मुलाने हिच्याशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा सहा महिने मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. देवाजवळ म्हटलं होतं, हे टिकू देऊ नकोस. पुढे लळा लागला, पोटच्या पोरीसारखा लागला. पण बोललेलं परत कसं घ्यायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मेमू गाडीने रोह्याला जाऊन आलो. एलियाह पहिल्या शिफ्टवरून सुटून थेट दवाखान्यात आला. डॉक्टर किमया मॅडम मला बाहेर बसवतील असं वाटलं होतं, पण मृणालीच म्हणाली, "मम्मींना आत येऊ द्या. मी अर्धं विसरते, त्या लिहून ठेवतात."

पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुक. एलियाहने माझा खांदा इतका दाबला की अजून दुखतोय.

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी शिकलेली बाई. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. मला कळेल असं सांगा, हिच्याकडे राहत का नाही?"

त्यांनी कागदावर गर्भाची पिशवी काढून दाखवली. मला समजलं ते असं. दर महिन्याला पिशवी आतून नवं अस्तर घालते. प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन त्या अस्तराला मऊ आणि जाड करतं. (हा शब्द मी घरी येऊन दहा वेळा लिहिला, तेव्हा जिभेवर बसला.) त्या अस्तरात शरीराचे पहारेकरी येऊन बसतात. आपण आजारी पडलो की रोगाशी लढतात, त्यांचेच भाऊबंद. आता बाळ निम्मं आईचं आणि निम्मं बापाचं. म्हणजे पहारेकऱ्यांच्या लेखी निम्मं परकं. तिथे हे हार्मोन निरोप धाडतं, याला हात लावायचा नाही, हा आपला. मग ते नुसते गप्प राहत नाहीत, बाळाकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटा रुंद करायला मदत करतात. निरोप कमी पडला तर सगळंच बिनसतं.

मी म्हटलं, "म्हणजे अस्तर भिजवून घ्यायचं राहतंय." त्यांना समजेना. मग सांगितलं, अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढलं नाही तर पहिल्या धुण्याला आटतं आणि वरचा ब्लाउज वर खेचतं. मॅडम हसल्या. "आजी, हे मी पुढच्या पेशंटला सांगणार," म्हणाल्या.

मग मी भीत भीत ते विचारलं. मृणालीकडे न बघता. "आमच्यात धर्म वेगळा, रक्त वेगळं. म्हणून ते पहारेकऱ्यांना जास्तच परकं वाटत असेल का?"

"छे हो! आत्याच्या मुलाशी लग्न केलं असतं तरी बाळ निम्मं परकंच. प्रत्येकाचं असंच असतं. तुमचा एलियाहसुद्धा तुम्हाला निम्मा परकाच होता."

एलियाह म्हणाला, "निम्मा? पगार झाला की पूर्ण होतो," आणि सगळे हसले. मी हसले नाही, मला रडू येत होतं.

दर गुरुवारी इंजेक्शन. पहिलं आज झालं, पुढची आमच्याच आळीतली नर्स प्रतिक्षा घरी येऊन देईल. निघताना मॅडम म्हणाल्या, "एक आत्ताच सांगते, याने राहीलच असं मी लिहून देणार नाही. कितीतरी गर्भ जातात ते मुळात बीजातच चूक असते म्हणून. तिथे कुठलंच औषध चालत नाही."

हे मी ऐकलं. पण खरं सांगायचं तर कानात इंजेक्शनच घेऊन आले.

रविवार, ७ सप्टेंबर

काशीबाई आली. घरचा गणपती काल पोचवला आणि आज सकाळची एसटी धरून दारात. पिशवी पुढे केली.

"विहीणबाय, चिंबोऱ्या नाय आणल्या. तुमच्यात बिनखवल्याचं चालत नाय ना. जिताडा आणलाय, चांगला खवल्याखवल्यांचा. तुझा देव खवले मोजतो म्हनं, घे, बसव त्याला मोजायला."

"देव मोजेल. तू आधी पाय धू," मी म्हटलं.

ही बाई बोलते तेव्हा घर भरतं. मृणालीला बघून मात्र तिने नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी एका भगताचं नाव काढलंय."

मी तिला बसवून पहारेकऱ्यांचं सगळं समजावलं. अस्तर, निरोप, निम्मं परकं. कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हां! म्हंजे आमच्या मिठागराचा राखणदार. नवीन मानूस बांधावर आला का त्याला सांगावं लागतं, बाबा हा आपला हाय. नाय सांगितलं तर तो धरतो. मग एवढं सोपं हाय तं तुझी डाक्तरीन एवढे पैशे कशाला घेते गो?"

भगताचं बारगळलं. जाताना मात्र म्हणालीच, "मी आपला राखणदाराला नारळ ठेवते. तुझं विंजेक्शन, माझा नारळ."

गुरुवार, १८ सप्टेंबर

तिसरं इंजेक्शन मॅडमच्याच हातून. नऊ आठवडे पूर्ण झाले. आज आवाज ऐकला! धावत्या घोड्यासारखा. मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा ओलांडला. मृणाली दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना गुणगुणत होती. स्टेशनवर तिने स्वतःहून वडापाव मागितला आणि दोन घासांत ओकली. मी म्हटलं, "ओक बाई, भरपूर ओक. बाळ रुजल्याची खूण आहे."

घरी आल्यावर एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलले. सातवा महिना लागला की पोहे, खोबरं, साखर, पाच फळं. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष कुठून आणायचे ते तेव्हा बघू. अलिबागहून आणीन, गाडी करून आणीन.

बुधवार, २४ सप्टेंबर

काल नव्याचा सण झाला, आमचं नवं वर्ष. गव्हाच्या चिकाचा हलवा केला. मृणालीने दोन वड्या खाल्ल्या. कालपासून उलटी नाही! आज तर पोळी-भाजी पोटभर जेवली. छातीत दुखत होतं तेही थांबलं म्हणते. पोरीला उतार पडला. देवाची दया.

ती मात्र विचारत होती, "मम्मी, इतक्या लवकर थांबतात का उलट्या?" मी सांगितलं, एलियाहच्या वेळी मला तर एकही झाली नव्हती. खरं म्हणजे पाचव्या महिन्यापर्यंत झाल्या होत्या. पण तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. एवढ्याशा खोट्याने काय होतंय.

गुरुवार, २५ सप्टेंबर

चौथं इंजेक्शन. प्रतिक्षाचा हात हलका आहे. दर वेळी सुई टोचायच्या आधी विचारते, "काही त्रास? अंगावरून काही जातंय का?" मृणाली मान हलवते. दहा आठवडे झाले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काल पहाटे उठून मृणालीने पलंगावरची चादर धुतली. मी रागावले. बादली उचलायची नाही म्हणून किती वेळा सांगितलं! म्हणाली, चहा सांडला. एवढा कसला चहा सांडला की चहाच्या आधीच चादर दोरीवर?

नंतर गच्चीत जाऊन काशीबाईशी बराच वेळ फोनवर बोलत होती. मायलेकींचं काय असेल ते. खाली आली तेव्हा डोळे लाल. माहेरची आठवण येत असणार, नवरात्र आहे, तिकडे गावात मुली नाचत असतील.

आज दुपारी मी सणाची पांढरी साडी काढून ठेवत होते. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "मम्मी, तुमच्या या सणाला मागितलं की मिळतं?"

मी म्हटलं, "हा मागायचा सण नव्हे, माफीचा. दारफाळणीचा. संध्याकाळी दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. उपास करायचा, पांढरं नेसायचं, बाहेर कुणाशी बोलायचं नाही. आमची आजी सांगायची, त्या दिवशी घरातली गेलेली माणसं आत येऊन बसतात."

"आणि बाहेरचं कुणीच येत नाही?"

"कुणीच नाही. राजा आला तरी नाही."

ती म्हणाली, "मी पण बसते तुमच्याबरोबर." मला काय वाटलं ते कसं लिहू. पाच वर्षांत ती कधी बसली नव्हती, मी कधी बोलावलंही नव्हतं. उपास करू देणार नाही, पोटुशीला माफ असतो, एवढं मात्र बजावलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

एलियाह दुपारीच अलिबागला गेला. इथे दहा पुरुष जमत नाहीत, तिकडे जमतील. परवा सकाळी येईल. फोन दोघींचे बंद करून कपाटात ठेवले. दिवा लावला. आता दार लावते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी सात

काल लिहायचं नव्हतं, आज लिहिते.

मी एक विसरले. काल गुरुवार होता. प्रतिक्षाला "या वेळी शुक्रवारी ये" असं सांगायचं माझ्याकडे होतं, आणि मी हलव्या-करंज्यांच्या, साड्यांच्या नादात विसरले. तिच्या बिचारीच्या ध्यानात कुठून राहणार? काल दसरा, दोन ऑक्टोबरची सुट्टी, बाहेर झेंडूच्या तोरणांची धांदल.

सकाळी दहाच्या सुमारास कडी वाजली. मी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते. "काकी! मी प्रतिक्षा. इंजेक्शन आणलंय." मी उठलेच. दोन पावलं गेले. आणि थांबले. साठ-पासष्ट वर्षांत त्या दिवशी आमच्या घराची कडी निघालेली मी पाहिली नाही. माझे वडील तापाने फणफणले होते तेव्हाही निघाली नव्हती. मी मागे वळून मृणालीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मान हलवली, नको म्हणून. हळूच म्हणाली, "राहू द्या मम्मी. उद्या घेईन. आज दार नका उघडू."

मला वाटलं, बघा, आमच्या रक्ताची नाही, पण सण आमच्यापेक्षा जास्त पाळते! मी परत पाटावर बसले. प्रतिक्षाने आणखी दोनदा हाका मारल्या, शेजाऱ्यांना विचारलं, मग तिची स्कूटी गेल्याचा आवाज आला.

एका दिवसाने काय होतं, असं तेव्हा वाटलं. रात्रीपासून मात्र वाटत नाही. निरोप आठवड्याचा आहे. सात दिवसांचा निरोप आठव्या दिवशी पुरतो का? पहारेकऱ्यांना सण कुठे माहीत?

आत्ताच फोन चालू करून प्रतिक्षाला लावला. नऊला येते म्हणाली. मृणाली अंघोळीला गेली आहे, अर्धा तास झाला.

रविवार, ५ ऑक्टोबर

गेलं.

शुक्रवारी प्रतिक्षाने सुई भरली आणि नेहमीसारखं विचारलं, "काही जातंय का?" मृणाली म्हणाली, "हो." बस, एवढंच. प्रतिक्षाने सुई परत टोपणात घातली आणि मला म्हणाली, "काकी, गाडी बघा."

एलियाह अलिबागहून थेट रोह्याला आला, पांढऱ्या सदऱ्यातच. मॅडमनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला तेव्हाच मी समजले. लुकलुक नव्हती. काल पिशवी साफ केली. मृणाली रडली नाही. भूल उतरल्यावर एलियाहला म्हणाली, "तू जेवलास का?"

मी मॅडमना बाहेर गाठलं. हात जोडून सांगितलं, "गुरुवारचं इंजेक्शन माझ्यामुळे चुकलं. दार लावलेलं होतं."

त्या म्हणाल्या, "आजी, बाळाची वाढ साडेनऊ आठवड्यांनाच थांबलेली दिसतेय. म्हणजे दहा-बारा दिवस होऊन गेले. तुमच्या गुरुवारचा काही संबंध नाही."

"मग इतके दिवस राहिलं कसं?"

त्या म्हणाल्या, "कधीकधी त्या इंजेक्शनमुळेच अस्तर धरून ठेवतं. आपण त्याला ठेव, ठेव म्हणून सांगत होतो ना. ते ठेवत राहिलं."

बाई चांगली आहे. पण डॉक्टर लोकांना म्हाताऱ्या माणसांशी असं बोलायला शिकवत असणार. इंजेक्शन चुकलं गुरुवारी, गेलं शुक्रवारी. हा हिशेब माझ्यासारख्या सातवी पास बाईलाही येतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काशीबाई येऊन मृणालीला माहेरी घेऊन गेली. नेहमीसारखी बोलली नाही, टोमणा नाही, काही नाही. माझ्या नजरेला नजरही देईना. तिला कळलंच असणार, आणि का कळू नये? तिचा नारळ ठेवलेला होता, माझं इंजेक्शन चुकलं.

एलियाह घरात असतो पण नसल्यासारखा. शनिवारी जेवताना विचारलं, "मम्मी, प्रतिक्षा सांगत होती, ती आली होती त्या दिवशी. तू दार उघडलं नाहीस?"

"नाही."

"बरं," म्हणाला, आणि आमटीत भात कालवत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. याचे वडील बेंजामिन असेच होते. रागावले की "बरं" म्हणायचे.

मशीनवर बसवत नाही. दिवाळीचे अकरा ब्लाउज परत केले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पिशवीतलं तपासणीला पाठवलं होतं त्याचा रिपोर्ट आला. एलियाहने मोबाइलवर वाचून दाखवला. सोळा नंबरचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन. मॅडमनी फोनवर सांगितलं, हे पहिल्या दिवसापासून तसंच होतं, कुणाच्या हातात नव्हतं, तुम्हा दोघांत दोष नाही. मुलगा होता की मुलगी ते सांगत नाहीत, कायदा आहे.

एलियाहचा आवाज त्यानंतर जरा मोकळा झाला. रात्रीचं जेवण त्याने वाढून घेतलं आणि मलाही वाढलं. म्हणाला, "ऐकलंस ना? तुझं दार नव्हतं ते."

ऐकलं. पण कागदाला काय माहीत, मी दोन पावलं जाऊन थांबले ते? दार उघडून हे झालं असतं, तर मला हा कागद पटला असता.

रविवार, २ नोव्हेंबर

आज मी तिकडे जाऊन आले. एलियाहला सांगितलं नाही. एसटीने वडखळपर्यंत, पुढे रिक्षा, शेवटचा बांध पायी. गुडघे बोलत होते.

काशीबाई ओट्यावर मासळी साफ करत होती. मला बघून उठली. "हात हालवत आलीस गो? दिवालीचा फराल कुठं हाय?"

"करायला हात उठला नाही," मी म्हटलं.

ती आत गेली. पाणी आणलं, ते मी घेतलं नाही. उभ्यानेच म्हटलं, "काशीबाई, तुझ्या लेकीचं इंजेक्शन माझ्यामुळे चुकलं. नर्स दारात होती आणि मी दार उघडलं नाही. तुला काय म्हणायचं ते म्हण. शिव्या दे. मी ऐकायला आले."

काशीबाई खालीच बसली, हाताला मासळी लागलेली तशीच. मग म्हणाली, "सोमवारीच तिचा फोन आलेला मना. आये, चादरीला डाग लागलाय. आनी मी काय सांगितलं म्हाईत हाय? विहीणबायला बोलू नको. तिचा वरसाचा एक सण, पाच वरसांत पयल्यांदा तुला शेजारी बसवते, तिचं मन मोडू नको. पडून ऱ्हा. मी नारळ ठेवते. दवाखान्यात जा म्हटलं नाय गो मी! नारळ ठेवला. म्हनून तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं."

मला आठवली ती दोरीवरची चादर. चहा! मी तिला बादलीवरून रागावले होते.

मी खाली बसले. दोघी म्हाताऱ्या मासळीच्या टोपलीच्या दोन बाजूंना. मी रिपोर्टचं सांगितलं, सोळा नंबरचं. ती म्हणाली, "व्हय, एलियाहनी सांगितला फोनवर. मना काय त्यातला कळतंय." म्हणजे तिलाही माझ्यासारखंच. कागद आला तो आला, जागचं काही हललं नाही.

तेवढ्यात मृणाली आतून आली. आईची जुनी साडी नेसलेली, वाळली आहे. आम्ही बोललो ते सगळं तिने ऐकलं होतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी आपसात वाटून घेताय. मला कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "तू तर माझा सण पाळत होतीस, पोरी. तुझं काय चुकलं?"

"मी सण नव्हते पाळत, मम्मी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, बाहेर आगरातल्या पाण्याकडे बघत. "उलट्या थांबल्या तेव्हाच मला कळलं होतं. डाग लागला तेव्हा तर नक्कीच. मागची दोन अशीच गेली ना, मला नाही कळणार? प्रतिक्षा आत आली असती तर तिने विचारलं असतं, काही जातंय का. दर वेळी विचारते. तिच्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं मला. मग गाडी, रोहा, तो पडदा. तुम्ही म्हणालात ना, त्या दिवशी राजा आला तरी दार उघडत नाहीत. फोन बंद. कुणी विचारणार नाही, कुणी सांगणार नाही. मला तो एक दिवस हवा होता. तेवढाच. बाळाबरोबर."

काशीबाईने तोंडात पदर कोंबला.

मी तिच्या शेजारी सरकले. मागच्या दोन्ही वेळी म्हटलेले ते दोन शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. देवाजवळ जे म्हटलं होतं ते मात्र आज तिला सांगितलं, टिकू देऊ नकोस म्हटलं होतं ते. पाच वर्षं पोटात ठेवलं होतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला माहीत होतं, तुम्हाला मी नको होते ते. आता आहे ना हवी?"

"आहे."

"मग झालं. पण मम्मी, पुढच्या वेळचं आता मला विचारू नका. मॅडमनाही नको, एलियाहलाही नको. मला हवं असेल तर मीच बोलेन. आणि नाही बोलले तर नाही."

मी "हो" म्हटलं. तोंडाने लगेच म्हटलं. मनाला अजून म्हणायला लावते आहे.

केव्हा परत येशील, हे विचारलं नाही. काशीबाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. मासळीतली चिंबोरी तिने गुपचूप बाजूला काढून ठेवलेली मला दिसली. बांधापर्यंत मृणाली सोडायला आली.

एसटीत बसून तो गुरुवार परत उलगडून बघत होते. मॅडमच्या मोजणीने त्या दिवशी बाळ नव्हतंच. मृणालीच्या मोजणीने होतं, आणि मला आता तिचीच मोजणी धरायची आहे. सकाळी कडी वाजली ते आठवलं. चार वाजता तिला दूध-खजूर दिला ते आठवलं. मधल्या वेळी ती काय करत होती, तोंडावर ऊन होतं की सावली, पोटावर हात होता का, काहीच आठवेना. मग ध्यानात आलं का आठवत नाही ते. घरात आम्ही तीन जीव होतो, आणि मी दुपारी तासभर झोपले होते.